गाणे राहून गेले
(कला व क्रीडा क्षेत्रांतील अपंग व्यक्तींचे प्रसारमाध्यमांतील चित्रण : एक अभ्यास)

— द्वितीय वर्ष, कला

गेल्या वर्षीच्या स्नेहसंमेलनात माझ्या एका वर्गमित्राने भीमपलास गायला. तो जन्मापासून अंध आहे. दुसऱ्या दिवशी भित्तिपत्रकासाठी वृत्तांत लिहिण्याचे काम माझ्याकडे आले. 'अंधारातून प्रकाशाकडे' असा मथळा देऊन मी चांगले दीड पान लिहिले. नियतीने दृष्टी हिरावून घेतली तरी त्याने हार मानली नाही, त्याची जिद्द पाहून सभागृहातील प्रत्येकाचे डोळे पाणावले, धडधाकट असूनही तक्रारी करणाऱ्या आपल्यासारख्यांनी त्याच्यापासून धडा घ्यावा, अशी वाक्ये त्यात होती. सरांनी पाठ थोपटली. मुलामुलींनी जाता-येता थांबून वाचले. दोन दिवसांनी कोणीतरी तो मजकूर त्याला वाचून दाखवला. संध्याकाळी वसतिगृहाच्या पायरीवर तो मला म्हणाला, "अरे, डोळ्यांवर दीड पान लिहिलंस. गाण्यावर एक ओळ तरी लिहायचीस! मी राग कोणता गायलो, ते तरी ठाऊक आहे का तुला?"

मला ठाऊक नव्हते.

आमच्या घरातून कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच. घरी एकादशीचे भजन सोडले तर गाणे असे काही नव्हते. तेव्हा राग ओळखता आला नाही, हा काही माझा अपराध नव्हे. परंतु ठाऊक नसताना मी कोणाला विचारले नाही आणि ती रिकामी जागा करुणेने भरून काढली, हा मात्र अपराध झाला. त्या दिवसापासून मी वर्तमानपत्रे, चित्रपट आणि दूरचित्रवाणी यांकडे थोड्या वेगळ्या नजरेने पाहू लागलो, आणि माझ्या लक्षात आले की, ही चूक माझ्या एकट्याची नाही. ज्या कलेचे किंवा खेळाचे ज्ञान लिहिणाऱ्याला नसते, तिथे तो कलावंताच्या वा खेळाडूच्या शरीराविषयी लिहितो. प्रस्तुत लेखात हे एकच म्हणणे काही उदाहरणांच्या साहाय्याने मांडण्याचा माझ्या अल्पमतीनुसार प्रयत्न केला आहे.

शब्दांविषयी थोडेसे

आपल्या भाषेत या विषयाची मुळे खोल गेलेली आहेत. 'वासरात लंगडी गाय शहाणी', 'आंधळं दळतं अन् कुत्रं पीठ खातं' अशा म्हणी आपण सहज वापरतो. म्हण वापरणाऱ्याच्या मनात वाईट हेतू असतोच असे नाही. परंतु लंगडे म्हणजे कमी आणि आंधळे म्हणजे फसणारे, हा हिशेब त्यातून लहानपणीच मनात बसतो. आपल्या कथांतही धृतराष्ट्राचे अंधत्व आणि मंथरेचे कुबड ही जणू त्यांच्या स्वभावाचीच खूण म्हणून येतात. याउलट अष्टावक्राची प्रचलित कथा पाहा. त्याचे आठ ठिकाणी वाकलेले शरीर पाहून सभा हसली. जनकाने मात्र त्याचा वाद ऐकला. पाहणे आणि ऐकणे यांतला हा फरक मला फार महत्त्वाचा वाटतो.

शासकीय व्यवहारात आता 'दिव्यांग' हा शब्द रूढ झाला आहे. डिसेंबर २०१५ मध्ये पंतप्रधानांनी आकाशवाणीवरील भाषणात तो सुचवला. अनेकांना तो आवडतो. काहींना त्यात देवत्व चिकटवल्यासारखे वाटते. माझा वर्गमित्र म्हणतो, "मला दिव्य काही दिसत नाही. अंध म्हण, चालेल." या लेखात मी 'अपंग व्यक्ती' असा जुना व सर्वांना समजणारा शब्द वापरला आहे. शब्द बदलला पाहिजेच, पण केवळ शब्द बदलून वाक्य बदलत नाही. 'बिचारा आंधळा' याच्या जागी 'बिचारा दिव्यांग' असे लिहिले तर 'बिचारा' तिथेच राहतो.

सन १९७२ : तीन चित्रे

या विषयाचा शोध घेताना एका वर्षापाशी मी थांबलो. ते वर्ष म्हणजे १९७२. त्या एका वर्षात तीन गोष्टी घडल्या, आणि त्या शेजारी शेजारी ठेवल्या असता बराच उलगडा होतो.

पहिली गोष्ट म्हणजे गुलजार यांचा 'कोशिश' हा चित्रपट. संजीवकुमार आणि जया भादुरी यांनी त्यात एका मूकबधिर जोडप्याचा संसार उभा केला. या भूमिकेसाठी संजीवकुमार यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. त्याआधी १९६४ च्या 'दोस्ती' चित्रपटात एक अंध आणि एक लंगडा मुलगा रस्त्यावर गाऊन पोट भरताना दाखवले होते, आणि सारा देश त्यांच्यासाठी रडला होता. 'कोशिश'मधली माणसे मात्र काम करतात, भांडतात, मूल वाढवतात. ही मोठी प्रगती होती. तरीही दोन्ही प्रमुख भूमिका ऐकू-बोलू शकणाऱ्या नटांनी केल्या होत्या, हे विसरता येत नाही. वास्तविक पाहता त्याच्या कितीतरी आधी, १९३० च्या दशकात, कृष्णचंद्र डे हे अंध गायक-नट स्वतः पडद्यावर उभे राहून गात होते. म्हणजे ही गोष्ट अशक्य होती असे नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे सत्यजित राय यांनी केलेला 'द इनर आय' हा लघुपट. शांतिनिकेतनातील चित्रकार विनोदबिहारी मुखर्जी यांच्यावर तो आहे. विनोदबाबूंची दृष्टी लहानपणापासूनच अतिशय अधू होती आणि वयाच्या पन्नाशीनंतर ती पूर्ण गेली. तरी त्यांचे काम थांबले नाही. कागद कापून केलेली चित्रे आणि फरशांचे भित्तिचित्र त्यांनी त्यानंतर केले. राय हे त्यांचे विद्यार्थी होते. त्यामुळे गुरूंचे चित्र कसे घडते हे त्यांना ठाऊक होते. लघुपटात ते आपल्याला विनोदबाबूंची भित्तिचित्रे दाखवतात, त्यांतील माणसे, त्यांची मांडणी, त्यांचा प्रवास दाखवतात. दृष्टी गेल्याची गोष्ट त्या प्रवासातला एक टप्पा म्हणून येते. ती लपवलेली नाही आणि तिचे भांडवलही केलेले नाही. चित्रकला जाणणाऱ्या माणसाने चित्रकाराविषयी सांगितले, एवढेच त्याचे रहस्य आहे.

तिसरी गोष्ट आपल्या सांगली जिल्ह्याची. पेठ-इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर हे सैन्यातले जवान. १९६५ च्या युद्धात त्यांना गोळ्या लागल्या आणि कमरेखालच्या भागाचे बळ गेले. उपचाराचा भाग म्हणून ते पोहू लागले. ऑगस्ट १९७२ मध्ये पश्चिम जर्मनीतील हायडेलबर्ग येथे भरलेल्या पॅरालिंपिक स्पर्धेत त्यांनी ५० मीटर मुक्त शैलीत ३७.३३ सेकंदांचा जागतिक विक्रम करून सुवर्णपदक मिळवले. भारताला पॅरालिंपिकमध्ये मिळालेले हे पहिले सुवर्ण. ऑलिंपिकमध्ये भारताला पहिले वैयक्तिक सुवर्णपदक मिळाले ते २००८ साली, अभिनव बिंद्रा यांच्यामुळे. म्हणजे त्यानंतर ३६ वर्षांनी.

आता या तिन्हींचे पुढे काय झाले पाहा. पडद्यावरचे मूकबधिर जोडपे घराघरांत पोहोचले. विनोदबाबूंचे काम जाणकारांत मान्य झाले. पेटकरांना पद्मश्री मिळाली ती २०१८ साली, पदकानंतर ४६ वर्षांनी. त्यांच्या आयुष्यावरचा 'चंदू चॅम्पियन' हा हिंदी चित्रपट २०२४ मध्ये आला आणि जीवनगौरवाचा अर्जुन पुरस्कार त्यांना जानेवारी २०२५ मध्ये देण्यात आला. मी स्वतः याच जिल्ह्यात शाळा शिकलो. पेटकरांचे नाव मी चित्रपटामुळे प्रथम ऐकले. सिनेमातल्या अपंग माणसासाठी रडणारा समाज खऱ्या अपंग विजेत्याला अर्धशतकभर ओळखत नाही, असे म्हटल्यास वावगे ठरणार नाही.

गोळा किती लांब पडला?

सप्टेंबर २०२४ मधली गोष्ट. पॅरिसच्या पॅरालिंपिकमध्ये आपल्याच जिल्ह्यातील आटपाडी तालुक्यातल्या करगणीच्या सचिन खिलारी यांनी गोळाफेकीत रौप्यपदक मिळवले. रात्री जेवताना मी ती बातमी वडिलांना वाचून दाखवत होतो. वडील चौथीनंतर शाळेत गेले नाहीत, पण कुस्तीचे मैदान त्यांनी कधी चुकवले नाही. बातमीत लहानपणचा अपघात, हाताला आलेले अपंगत्व, घरच्यांचे अश्रू असे बरेच काही होते. मी वाचतच होतो, तोच वडील म्हणाले, "आरं, ते ऱ्हाऊ दे. गोळा किती लांब पडला? आन् पैल्याचा किती?"

मी मजकूर वरखाली शोधला. पहिल्याचा आकडा त्यात नव्हताच. तो मी नंतर मोबाईलवर शोधून काढला. खिलारी यांचा गोळा १६.३२ मीटर गेला. सुवर्णपदक मिळवणाऱ्या कॅनडाच्या ग्रेग स्ट्यूअर्ट यांचा १६.३८ मीटर. फरक सहा सेंटिमीटरचा, म्हणजे चार बोटांइतकाही नाही! हे ऐकल्यावर वडिलांनी हातातला घास तसाच ठेवला आणि "आरारा!" म्हणाले. मैदानात पैलवान थोडक्यात हरला की ते असेच म्हणतात. मला वाटते, त्या क्षणी खिलारी यांना खेळाडू म्हणून खरा मान मिळाला तो आमच्या स्वयंपाकघरात. वडिलांना दया आली नव्हती. त्यांना चुटपुट लागली होती. हरलेल्या किंवा थोडक्यात चुकलेल्या खेळाडूसाठी चुटपुट लागणे, हा खेळ समजल्याचा पुरावा आहे.

बातमी लिहिणाऱ्याला हे का जमत नाही? कारण पॅरालिंपिकचे खेळ समजून घ्यायला थोडे कष्ट पडतात. खिलारी यांच्या प्रकाराला 'एफ ४६' म्हणतात. यातला 'एफ' म्हणजे मैदानी फेकींचे प्रकार; धावण्याच्या शर्यतींना आणि उड्यांना 'टी' असते. ११ ते १३ हे आकडे दृष्टिदोष असलेल्या खेळाडूंचे, ४५ ते ४७ हाताचे अपंगत्व असलेल्यांचे, ५० च्या पुढचे काही गट बसून फेकणाऱ्यांचे. एका गटात साधारणतः आकडा जितका लहान तितके अपंगत्व अधिक. कुस्तीत जसे वजनगट असतात, तद्वतच ही व्यवस्था आहे. पन्नास किलोच्या पैलवानाला शंभर किलोच्या पैलवानाशी लढवत नाहीत, आणि म्हणून पन्नास किलोच्या विजेत्याला कोणी 'बिचारा' म्हणत नाही. हे एकदा वाचकाला सांगितले की पुढची प्रत्येक बातमी त्याला खेळाची बातमी म्हणून वाचता येईल. परंतु 'एफ ४६' म्हणजे काय हे न सांगता केवळ अपघाताचे वर्णन केले, तर वाचकाच्या हाती अपघात तेवढा उरतो.

याचे आणखी एक उदाहरण देवेंद्र झाझरिया यांचे. राजस्थानच्या या भालाफेकपटूने २००४ साली अथेन्स येथे ६२.१५ मीटर भाला फेकून सुवर्ण मिळवले आणि २०१६ साली रिओ येथे ६३.९७ मीटर फेकून पुन्हा सुवर्ण मिळवले. मधल्या बारा वर्षांकडे पाहून हा खेळाडू हरवला होता आणि जिद्दीने परतला, अशी कथा रचणे फार सोपे आहे. वास्तविक २००८ आणि २०१२ च्या स्पर्धांत त्यांच्या गटाची भालाफेकच ठेवलेली नव्हती. त्यांच्या हातून कोणती संधी निसटली नव्हती. स्पर्धा भरवणाऱ्यांनी ती दिलीच नव्हती. खेळाची व्यवस्था समजून घेतली नाही की व्यवस्थेचा प्रश्न हा माणसाच्या जिद्दीचा प्रश्न होऊन बसतो, तो असा. पुढे टोकियोत त्यांनी ६४.३५ मीटर भाला फेकून रौप्य मिळवले, आणि २०२२ मध्ये पद्मभूषण मिळवणारे ते पहिले अपंग खेळाडू ठरले.

अंधांच्या क्रिकेटचेही तसेच. नोव्हेंबर २०२५ मध्ये कोलंबो येथे अंध महिलांचा पहिला टी-ट्वेंटी विश्वचषक आपल्या मुलींनी अंतिम सामन्यात नेपाळला हरवून जिंकला. हा खेळ आपल्यापैकी किती जणांनी समजून घेतला आहे? चेंडूत छर्रे असतात, ते वाजतात. चेंडू खालून, जमिनीसरसा टाकतात. गोलंदाज आधी 'रेडी?' विचारतो, फलंदाजाने होकार दिल्यावरच 'प्ले' म्हणून चेंडू सोडतो. पूर्ण अंध खेळाडूने काढलेली प्रत्येक धाव दोन धरतात. म्हणजे अशा फलंदाजाला किती वेळ खेळवायचे आणि कोणत्या क्रमांकावर पाठवायचे, यात कर्णधाराची खरी परीक्षा असते. इतका डावपेचांचा खेळ असताना 'दृष्टी नाही पण दूरदृष्टी आहे' असल्या शब्दखेळावर वृत्तांत संपवला, तर तो वृत्तांत कसला?

चमत्कार आणि सराव

करुणेची जागा आता पुष्कळदा कौतुक घेते. वरवर पाहता ही सुधारणा वाटते. 'लगान' (२००१) चित्रपटातला कचरा आठवा. त्याचा हात अधू आहे आणि त्या हाताने टाकलेला चेंडू आपोआप वळतो. प्रेक्षक टाळ्या वाजवतात. पण यात त्या माणसाचा सराव कुठे आहे? याच्या शेजारी भागवत चंद्रशेखर यांना ठेवून पाहा. लहानपणी पोलिओमुळे त्यांचा उजवा हात बारीक झाला होता. त्याच हाताने लेगब्रेक आणि गुगली जलद गतीने टाकून त्यांनी ५८ कसोटी सामन्यांत २४२ बळी घेतले. १९७१ साली ओव्हलवर ३८ धावांत ६ बळी घेऊन इंग्लंडच्या भूमीवरील भारताचा पहिला कसोटी विजय त्यांनी शक्य केला. त्यांच्या मनगटाच्या झटक्याविषयी जाणकारांनी भरपूर लिहिले, कारण क्रिकेट समजणारे लोक लिहीत होते. मन्सूर अली खान पतौडी यांनी १९६१ मध्ये मोटार अपघातात उजव्या डोळ्याची दृष्टी गमावली, आणि तरी पुढे ४० कसोटींत भारताचे नेतृत्व केले. लोक त्यांच्या क्षेत्ररक्षणाविषयी आणि नेतृत्वाविषयी वाद घालत राहिले. खेळाविषयी वाद घालणे हाही एक मान आहे.

परदेशातही हा प्रश्न सुटलेला नाही. पॅरालिंपिकचा उगम इंग्लंडमधील स्टोक मँडेव्हिल येथील रुग्णालयात झाला. डॉ. लुडविग गुटमन यांनी २९ जुलै १९४८ रोजी, म्हणजे लंडन ऑलिंपिकच्या उद्‌घाटनाच्याच दिवशी, जखमी सैनिकांची धनुर्विद्येची स्पर्धा घेतली. त्यात सोळा स्पर्धक होते. त्याच देशात २०१२ च्या पॅरालिंपिकची जाहिरात करताना एका वाहिनीने या खेळाडूंना 'सुपरह्यूमन्स' म्हणजे अतिमानव म्हटले. जाहिरात गाजली, पण कित्येक अपंग व्यक्तींनी विचारले की, आम्ही पदके मिळवत नाही, आम्हाला फक्त बसमध्ये चढायचे आहे, मग आम्ही कोण?

ऑस्ट्रेलियातील पत्रकार आणि विनोदी कलावंत स्टेला यंग यांनी या प्रकारावर फार मार्मिक टीका केली. त्या चाकाच्या खुर्चीवर असत. त्या पंधरा वर्षांच्या असताना गावातील कोणीतरी त्यांना समाजातील कर्तृत्वाबद्दलच्या पुरस्कारासाठी सुचवू पाहत होते. त्यांच्या आईवडिलांनी उत्तर दिले की, कल्पना चांगली आहे, पण हिने अजून काही कर्तृत्व केलेले नाही! शाळेत जाणे, दूरचित्रवाणी पाहणे, एवढे केले म्हणून पुरस्कार कसा? धडधाकट माणसांना बरे वाटावे म्हणून अपंगांना प्रेरणेची वस्तू बनवले जाते, असे त्यांनी २०१४ च्या एका व्याख्यानात सांगितले. त्याच वर्षाच्या अखेरीस त्यांचे निधन झाले. त्यांचे विचार वाचताना मला माझे भित्तिपत्रकातले शेवटचे वाक्य आठवले आणि खाली मान घालावी लागली.

या कौतुकात आणखी एक धोका आहे, आणि तो माझ्या मते सर्वांत गंभीर आहे. 'जिद्द असेल तर काहीही अशक्य नाही' असे आपण एकदा म्हटले की मग जिन्याशेजारी उतरता मार्ग बांधण्याची गरज कोणालाच वाटत नाही. जिद्दीचे कौतुक फुकट होते. उतरत्या मार्गाला सिमेंट लागते. माझ्या वर्गमित्राने 'अंधारावर मात केली' असे मी लिहिले. परंतु क्रमिक पुस्तके त्याला ऐकता येतील अशा स्वरूपात मिळाली नाहीत, आम्ही चार मित्रांनी आळीपाळीने मोठ्याने वाचून ती मोबाईलवर ध्वनिमुद्रित केली आणि ते पुरे होईपर्यंत अर्धे सत्र उलटले होते, हे मी लिहिले नाही. त्याने मात करावी अशी अडचण अंधाराने निर्माण केलेली नव्हती. ती आपण सर्वांनी ठेवलेली होती.

चांगले चित्रण कसे असते?

केवळ दोष दाखवून थांबणे बरे नाही. सई परांजपे यांचा 'स्पर्श' (१९८०) हा चित्रपट या दृष्टीने अभ्यासण्यासारखा आहे. अंध शाळेचे प्राचार्य असलेल्या नायकाची भूमिका नसीरुद्दीन शाह यांनी केली आहे आणि चित्रपटातील विद्यार्थी खरोखरचे अंध विद्यार्थी आहेत. हा नायक हुशार आहे, विनोदी आहे, आणि हट्टी व रागीटही आहे. कोणी दया दाखवेल या भीतीने तो प्रेमाच्या माणसालाही दूर लोटतो. त्याचा प्रश्न दृष्टी परत मिळण्याचा नाही. आपल्या घमेंडीचे काय करायचे, हा आहे. असा प्रश्न कोणाही माणसाचा असू शकतो.

नृत्यांगना सुधा चंद्रन यांचे उदाहरण वेगळ्या कारणासाठी महत्त्वाचे आहे. १९८१ च्या अपघातानंतर त्यांचा पाय कापावा लागला. जयपूर पाय बसवून त्या १९८४ मध्ये पुन्हा रंगमंचावर उभ्या राहिल्या. त्यांच्या आयुष्यावरच्या 'मयूरी' (१९८५) या तेलुगू आणि 'नाचे मयूरी' (१९८६) या हिंदी चित्रपटांत त्यांनी स्वतःच भूमिका केली. अलीकडच्या 'सितारे जमीन पर' (२०२५) या बास्केटबॉलवरच्या चित्रपटातही बौद्धिक अपंगत्व असलेले दहा कलावंत खेळाडूंच्या भूमिकांत आहेत. तिथे गोष्ट अजूनही धडधाकट प्रशिक्षकाच्या सुधारण्याची आहे, परंतु निदान पडद्यावर त्यांची जागा दुसऱ्याने घेतलेली नाही.

आणि सर्वांत चांगले म्हणजे स्वतः लिहिणे. कोल्हापूरच्या नसीमा हुरजूक यांचे 'चाकाची खुर्ची' हे आत्मकथन मराठीत आहे. बत्तीस शिराळ्याच्या सोनाली नवांगुळ यांनी सलमा यांची तमिळ कादंबरी 'मध्यरात्रीनंतरचे तास' या नावाने मराठीत आणली आणि त्यासाठी २०२१ मध्ये त्यांना साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार जाहीर झाला. त्याही चाकाची खुर्ची वापरतात. परंतु अनुवादाविषयी बोलताना विचारायचे ते हे की, तमिळनाडूतील मुस्लिम घरांतल्या बायकांचे बोलणे त्यांनी मराठीत कसे आणले?

कायदाही या बाबतीत पुढे आला आहे. २०१६ च्या अपंग व्यक्तींच्या हक्कांच्या कायद्याने अपंगत्वाचे प्रकार सातांवरून एकवीस केले. ८ जुलै २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एका हिंदी चित्रपटासंबंधीच्या खटल्यात दृकश्राव्य माध्यमांसाठी मार्गदर्शक सूत्रे घालून दिली. हिणवणारे शब्द टाळावेत, माणसाला केवळ 'पीडित' म्हणून दाखवून समाजाने उभे केलेले अडथळे झाकू नयेत, वैद्यकीय माहिती अचूक असावी आणि चित्रण ठरवताना अपंग व्यक्तींना सहभागी करून घ्यावे, असा त्यांचा आशय आहे. अपंगत्वाविषयी समज वाढवणारा विनोद आणि अपंगांना हिणवणारा विनोद यांत न्यायालयाने फरक केला, हेही लक्षात घेण्यासारखे आहे.

एक शंका

येथे वाचक विचारतील, मग अपंगत्वाचा उल्लेखच करायचा नाही काय? प्रेरणा घ्यायचीच नाही काय? माझे म्हणणे तसे नाही. पेटकर पायांच्या साहाय्याशिवाय पोहले, म्हणून पाण्याला मागे लोटण्याचे सारे काम त्यांच्या खांद्यांनी आणि दंडांनी केले. ही गोष्ट सांगितली तर ३७.३३ या आकड्याचा अर्थ अधिक कळतो. इथे अपंगत्वाचा उल्लेख कामाचा उलगडा करतो. जिथे तो कामाच्या जागी येऊन बसतो, तिथे तो नको. प्रेरणा घ्यायची तर त्यांच्या सरावाची घ्यावी. 'त्याला जमते तर तुला का नाही' असे म्हणताना 'त्याला' म्हणजे आपल्यापेक्षा खालच्याला, असा अर्थ आपण आत लपवलेला असतो.

म्हणून आपल्या भित्तिपत्रकात, या वार्षिकात किंवा उद्या आपल्यापैकी कोणी वार्ताहर झाल्यास वर्तमानपत्रात लिहिताना चार प्रश्न स्वतःला विचारावेत, असे मी सुचवतो. या व्यक्तीने नेमके काय केले, हे मला समजले आहे का? नसल्यास मी कोणाला विचारले का? अपंगत्वाचा उल्लेख त्या कामाचा उलगडा करतो का? आणि हा मजकूर त्या व्यक्तीला वाचून दाखवताना मला संकोच वाटेल का?

हे प्रश्न मी प्रथम स्वतःला लावले. मित्राच्या खोलीवर तीन संध्याकाळी बसून भीमपलास म्हणजे काय ते विचारून घेतले. मोबाईलवरचे ध्वनिमुद्रण पुन्हा पुन्हा ऐकले. त्यानंतर लिहिलेला वृत्तांत एक वर्ष उशिरा येथे देतो :

"स्नेहसंमेलनात द्वितीय सत्रातील एका विद्यार्थ्याने दुपारी चारच्या सुमारास भीमपलास सादर केला. या रागात गंधार व निषाद कोमल असून आरोहात रिषभ आणि धैवत वर्ज्य असतात. गायकाने मध्यमावर शांतपणे थांबत राग उलगडला. मध्यलय तीनतालातील बंदिश नेटकी झाली. एका तानेत तो समेवर एक मात्रा उशिरा आला. पुढच्याच आवर्तनात तीच तान पुन्हा घेऊन त्याने सम अचूक गाठली. ध्वनिक्षेपकाच्या खरखरीमुळे मंद्र सप्तकातील स्वर मागे बसलेल्यांना नीट ऐकू आले नाहीत. गायक अंध आहे."

हे मी त्याला वाचून दाखवले. ती उशिराची मात्रा लिहावी की नाही, याविषयी मला धाकधूक होती. तो हसला आणि म्हणाला, "ती राहू दे. ती लिहिलीस म्हणजे तू खरंच ऐकलंस. शेवटचं वाक्य मात्र काढून टाक, त्याचं तिथे काही काम नाही."

ते वाक्य मी येथे मुद्दाम ठेवले आहे, पण खोडण्यासाठी. वाचकांनी ते आपल्या हाताने खोडावे, ही नम्र विनंती.